परभणी ते मुळकी : चाळिशीनंतर सर्फिंग शिकताना कोचचा उपयोग किती?

चाळिशी ओलांडल्यावर सर्फिंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून समुद्राच्या लाटेवरून येणं, शिकता येतं का, आणि त्यासाठी कोचला पैसे मोजावेत का, हे दोन प्रश्न गेल्या वर्षभरात मला शाळेतल्या सहकाऱ्यांपासून रेल्वेत भेटलेल्या बायकांपर्यंत बऱ्याच जणींनी विचारले. शिकता येतं. कोचचा उपयोगही होतो, पण सगळ्या टप्प्यांवर सारखा नाही. कुठे होतो, कुठे होत नाही आणि कुठे कोचमुळेच माणूस एका जागी अडकून राहतो, हे कळायला मला बराच काळ लागला. शिवाय मराठवाड्यातून हे करायचं म्हटलं की समुद्र दिसण्याआधी अर्ज, रजा आणि तिकिटं यांतून जावं लागतं. तेही सगळं लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही घरचे सगळे उडुपीला कृष्णदर्शनाला गेलो होतो. तिथून मंगळुरूकडे जाताना कर्नाटकातल्याच मुळकी गावाजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर थांबलो. शांभवी आणि नंदिनी या नद्या तिथे समुद्राला मिळतात. काही बायका बोर्ड घेऊन पाण्यात होत्या, त्यातल्या दोघीतिघी माझ्याच वयाच्या असाव्यात. देशातला पहिला सर्फ क्लब याच मुळकीत निघाला, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी एवढंच वाटलं, की हे आपल्याला यायला पाहिजे.

अडचण अशी की मला पोहता येत नव्हतं. आमच्याकडे पोरं विहिरीत शिकतात, पाठीला डबा नाहीतर टायरची ट्यूब बांधून. माझे भाऊ तसेच शिकले. मुलींना काठावर कपडे सांभाळायला बसवायचे.

सर्फ स्कूलला फोन केला तर पलीकडून सांगतात, पोहता आलं नाही तरी चालतं, कमरेएवढ्या पाण्यात ठेवतो, जॅकेट देतो. ते खोटं नाही. पण सर्फिंग म्हणजे बहुतांश वेळ पडणं असतं. पडायची भीती असेल तर सगळं लक्ष त्या भीतीकडे जातं आणि कोच काय सांगतो ते कानावरून निघून जातं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : आधी पोहायला शिका. सलग दोनशे मीटर पोहता येईल आणि पाय न टेकवता दहा मिनिटं तरंगता येईल, इतकं आलं की पुढचा पैसा वसूल होतो.

२०२४ च्या मार्चमध्ये जलतरण तलावाचा फॉर्म आणला. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, हमीपत्र आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागलं. सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, कान तपासले, दमा किंवा फिट येण्याचा त्रास आहे का ते विचारलं. कानाचा पडदा फाटलेला असेल तर तिथेच थांबवतात, तेव्हा ही तपासणी उरकून टाकायची गोष्ट समजू नका. महिलांची बॅच दुपारी चारची होती. एरवी ती शाळेच्या वेळेत येते, पण उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची होते, त्यामुळे जमलं. फी महिन्याला नऊशे रुपये. अंगभर पोहण्याचा ड्रेस परभणीत मनासारखा मिळाला नाही, तो ऑनलाइन मागवला, साधारण बाराशेला पडला. गॉगल आणि टोपी वेगळी.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे आवडलं नव्हतं. "पाण्याशी कशाला खेळायलीस माय, लेकरं मोठी झाली आता," असं त्या रोज म्हणायच्या. त्यांचा लहान भाऊ नदीत बुडून गेला होता. त्यांची काळजी खरी होती, म्हणून मी वाद घातला नाही. एक दिवस त्यांना तलावावरच घेऊन गेले. आमच्या प्रशिक्षक ताईंनी त्यांना कठड्याजवळ खुर्ची दिली. त्यानंतर त्यांचं रोजचं म्हणणं कमी झालं.

मे महिन्यात तलावच बंद झाला. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता आणि मराठवाड्यातल्या शेकडो गावांना टँकरने पाणी चालू होतं. फाटकावर कागद लागला, उरलेल्या दिवसांची फी परत मिळाली नाही. वाईट वाटलं, पण प्यायच्या पाण्याची ओढ असताना तलाव भरा म्हणायला जीभ उचलत नाही. पाऊस झाल्यावर पुन्हा सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत दोनशे मीटर जमू लागलं.

आता हंगामाचं. पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो. यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नवशिक्यांसाठी साधारण ऑक्टोबर ते मेचा पहिला पंधरवडा हा काळ. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी लाटा लहान आणि सुबक, मे जवळ येईल तशा मोठ्या आणि विस्कटलेल्या. आम्हा शिक्षकांच्या सुट्ट्या या हंगामाच्या दोन टोकांना येतात, दिवाळी आणि मे.

मी २०२४ च्या दिवाळीची तिकिटं काढून ठेवली होती. तेवढ्यात विधानसभा निवडणूक लागली. मतदान २० नोव्हेंबरला, त्याआधी प्रशिक्षणं, हातात नियुक्तीचा आदेश. मुख्यालय, म्हणजे नोकरीचं ठिकाण, सोडण्याच्या परवानगीचा अर्ज देण्यात अर्थच नव्हता. तिकिटं रद्द केली. सरकारी नोकरीतल्या बायांनो, सर्फ स्कूलला आगाऊ पैसे भरताना तारीख बदलून मिळते का, हे आधी विचारा. मला मिळाली, कारण मी फोनवरचं बोलणं मेसेजमध्येही लिहून घेतलं होतं.

शेवटी डिसेंबर अखेरीस उरलेल्या किरकोळ रजा जोडून गेले. परभणीहून रात्री देवगिरी, सकाळी मुंबई, तिथून दुपारी लोकमान्य टिळक टर्मिनसवरून मत्स्यगंधा. पहाटे उडुपीला उतरून मंगळुरूच्या बसने मुळकी. स्लीपरचं जाऊन-येऊन भाडं तेव्हा दोन हजारांच्या आत बसलं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा दिवाळी लवकर असेल तर गाडीची वेळ पुन्हा बघून घ्या. नाताळच्या आठवड्यात राहण्याचे दर चढतात. मला नाश्त्यासकट खोली अठराशेला मिळाली, तीच पुढे मेमध्ये बाराशेला मिळाली.

पहिल्या दिवशी आधी फॉर्म : आजार, औषधं, रक्तगट, घरच्यांचा नंबर, आणि जबाबदारी आपली आहे अशी सही. मग अर्धा-पाऊण तास वाळूवरच. कोच पंचविशीचा तुळू मुलगा, हिंदीत शिकवणारा. त्याने काठीने वाळूत किनारा काढला, लाटा कुठे फुटतात ते दाखवलं, आणि नदीच्या मुखाजवळ ओहोटीला पाणी आत कसं ओढतं ते बाण काढून समजावलं. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं, बोर्ड सोडायचा नाही. पडताना सपाट पडायचं, वर येताना हात डोक्यावर, कारण बोर्ड आणि त्याखालची फिन, म्हणजे माशाच्या परासारखं टोकदार पातं, आपल्याच आसपास असते. लाटेच्या फुटत्या टोकाला जो सर्वांत जवळ, लाट त्याची; त्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. एवढ्या माहितीसाठीसुद्धा मी पहिल्या दिवसाचे पैसे पुन्हा देईन. ही गोष्ट व्हिडिओ बघून शिकायची नाही. प्रत्येक किनारा वेगळा असतो आणि त्या किनाऱ्याची खोड तिथल्याच माणसाला माहीत असते.

मग पाण्यात. आठ-नऊ फुटांचा मऊ फोमचा बोर्ड, घोट्याला लीश, म्हणजे बोर्डला बांधलेली दोरी. कोच बोर्डच्या शेपटाशी उभा राहतो, फेसाळ लाट आली की ढकलतो आणि "अप!" म्हणून ओरडतो. पहिल्याच सकाळी मी उभी राहिले. किनाऱ्याच्या वाळूपर्यंत आले. तो आनंद मी लपवणार नाही, उतरल्यावर हात थरथरत होते आणि घरी फोन लावला तर शब्द फुटेना.

पण माझं खरं सांगणं इथूनच सुरू होतं. लाट कोणती घ्यायची ते त्याने ठरवलं. बोर्ड त्याने वळवला. वेग त्याने दिला. क्षण त्याने ओरडून सांगितला. मी फक्त उभी राहिले. पॅकेज संपवून घरी येताना सगळ्यांना वाटतं की सर्फिंग आलं, आणि पुढच्या वेळी ढकलणारं कुणी नसलं की एकही लाट मिळत नाही. पुष्कळ मोठी माणसं इथेच सोडून देतात. वय झालं, असं म्हणतात. वयाचा संबंध थोडा असेलही, पण ढकलण्याचा जास्त आहे.

२०२५ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत समुद्र नव्हता, तर गच्ची होती. शाळेतल्या खडूने गच्चीवर आठ फुटांचा बोर्ड काढला, मधोमध रेघ ओढली आणि त्यावर योगा मॅट टाकली. पालथं झोपायचं, तळहात बरगड्यांशी टेकवायचे, एका हालचालीत उभं राहायचं, पाय रेघेवर आले का ते बघायचं. बोर्डच्या कडा धरायच्या नाहीत, कारण त्या धरल्या की बोर्ड एका बाजूला कलतो. दुसरा व्यायाम साधा : पालथं पडून छाती उचलून धरायची आणि हात पॅडल मारल्यासारखे, म्हणजे बोर्डवर पडून पाणी मागे सारल्यासारखे, फिरवायचे. पाठ आणि खांदे यानेच तयार होतात. तलावावर फ्रीस्टाइलच्या लांबी वाढवल्या. याला कोच लागत नाही. ताकद आणि दम हे आपलं आपल्यालाच कमवावं लागतं, त्यासाठी समुद्रकिनाऱ्यावर तासाचे पैसे मोजणं मला पटत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी पुन्हा गेले. मुख्यालय सोडण्याचा अर्ज मुख्याध्यापक सरांमार्फत सुट्टी लागण्याआधीच देऊन ठेवला होता. या वेळी कोचला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला ढकलू नका. तो म्हणाला, "अक्का, फिर आज एक भी वेव नहीं मिलेगा." तो बरोबर होता. त्या सकाळी एकही मिळाली नाही.

पण त्याने दुसरं काही शिकवलं. बोर्डवर झोपायचं कुठे, हे. जरा पुढे झोपलं तर नाक पाण्यात घुसतं आणि माणूस डोक्यावर उलटतो. जरा मागे झोपलं तर शेपूट बुडतं, बोर्ड नांगर टाकल्यासारखा जागेवर राहतो आणि लाट खालून निघून जाते. नाक पाण्याच्या वर दोन-तीन बोटं असलं पाहिजे. त्याने माझी हनुवटी बोर्डवरच्या छापाच्या नेमक्या कुठल्या अक्षरावर यायला हवी ते दाखवलं आणि तिथे वॅक्सने खूण केली. ही एक खूण मला एकटीला महिनोन् महिने सापडली नसती. दुसरं म्हणजे पॅडलची वेळ. लाट दिसल्यावर घाईने मारलेले दहा हात वाया जातात. लाट शेपटाला उचलू लागते तेव्हाचे शेवटचे तीन-चार खोल हात लाट मिळवून देतात.

त्यानंतर मी दोन गोष्टी आलटून पालटून केल्या : एक सकाळ कोचबरोबर, पुढच्या सकाळी फक्त बोर्ड भाड्याने घेऊन, त्यांच्याच माणसांच्या नजरेसमोर. बोर्डचं भाडं तासाला सहाशे, कोचसकट दीड-दोन तासांचे दोन हजार. मोठ्या माणसाला एक सूचना अंगात मुरवायला वेळ लागतो. रोज नवी सूचना मिळत राहिली तर आधीची राहून जाते. तरुण मुलं बघून उचलतात, आपल्याला समजून घ्यावं लागतं आणि मग ते शंभरदा करावं लागतं. म्हणून सलग कोचिंगचं मोठं पॅकेज घेण्यापेक्षा मध्ये मोकळे दिवस ठेवा.

समुद्राचा अंदाज वाचायलाही मी याच मुक्कामात शिकले. लाटेची उंची सगळे बघतात, पण दोन लाटांमधले सेकंद जास्त महत्त्वाचे. तीन फूट आणि बारा सेकंद ही लाट तीन फूट आणि सहा सेकंदांच्या लाटेपेक्षा कितीतरी जोरदार असते. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो तेव्हा लाटा नीटस उभ्या राहतात, दुपारी तो उलटला की विस्कटतात, म्हणून सहाला पाण्यात उतरायचं. लाटांचे आणि वादळी उधाणाचे इशारे इन्कॉइस ही सरकारी संस्था देते आणि ती आहे हैदराबादला. मराठवाड्याच्या माणसाला हे वाचून आपलेपणा वाटतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच हैदराबाद संस्थानात होतो, आणि आज समुद्राची खबर आपल्याला तिकडूनच मिळते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. माहेरचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, शाळेतल्या कित्येक मुलांच्या घरात पाणी शिरलं. दिवाळीत जावं की नाही, हा प्रश्न मनात खूप घोळला. आम्ही शाळेतल्या शिक्षकांनी मिळून मुलांच्या वह्या-दप्तरांचं काम आधी पूर्ण केलं. भाऊच म्हणाला, "ताई, तू जा. तू थांबून पाणी ओसरणार हाय का?" तेव्हा गेले. तात्काळ तिकीट काढावं लागलं. त्यासाठी रेल्वे तिकिटांचं ऑनलाइन खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आदल्या रात्री करू नका, ओटीपी यायला वेळ लागतो.

पोचले तर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र. सुरुवातीला कुणालाच पाण्यात उतरू दिलं नाही. चांगलं सर्फ स्कूल ओळखायचं ते इथे : पैसे हातचे जात असूनही ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडे मी निर्धास्तपणे शिकते.

समुद्र निवळल्यावर एकटीचं कोचिंग घेतलं, व्हिडिओसकट तीन हजार. महाग वाटलं होतं, पण सगळ्यांत उपयोगी पडलं तेच. मोबाइलवर त्याने सावकाश करून दाखवलं : उभी राहताना माझा मागचा गुडघा क्षणभर टेकतोय, आणि नजर बोर्डवर, स्वतःच्या पायांवर. गच्चीवर रेघ बघण्याची सवय पाण्यात उतरली होती. मी शपथेवर सांगितलं असतं की माझा गुडघा टेकत नाही. शरीर काय करतंय हे आपल्याला वाटतं वेगळं आणि दिसतं वेगळं. मोठेपणी कोच लागतो तो नेमका यासाठी. किनाऱ्यावरचं एक वाकडं नारळाचं झाड त्याने दाखवलं. "नीचे मत देखो अक्का, उसको देखो." नजर वर गेली तशी छाती वर आली, पुढच्या पायाला जागा झाली आणि गुडघा टेकायचा आपोआप थांबला.

त्याच मुक्कामात न फुटलेली हिरवी लाट मिळाली. मी निवडलेली, माझ्याच हातांनी पकडलेली. लहानच होती, कमरेएवढी. शेपूट उचललं गेलं, तीन खोल हात मारले आणि बोर्ड स्वतःहून चालू लागला. फेसाळ पाण्यात जी धडपड आणि आवाज असतो तो इथे नव्हता. कोच लांब होता आणि त्याने काहीही ओरडून सांगितलं नव्हतं. अजून वळता येत नाही, सरळच येते. वळणं शिकायला पुढचे हंगाम लागतील, आणि मला ते हवे आहेत.

काही गोष्टी बायकांसाठी. पाळीच्या तारखा तिकिटाच्या आधी बघा. कप वापरायची सवय असेल तर प्रश्न येत नाही, पण ती सवय घरी लावून जा. स्वतःचा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट) आणि घोट्यापर्यंतच्या लेगिंग्ज न्या, बोर्डवर घासून गुडघे आणि बरगड्या सोलतात. मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवा. एकटीने गेलं तरी अडचण आली नाही, मात्र खोली किनाऱ्यापासून चालत जाता येईल अशीच घ्या, पहाटे रिक्षा मिळत नाही.

कोच निवडताना फोनवर एवढं विचारा : एका कोचमागे किती जण असतात, न ढकलता शिकवाल का, व्हिडिओ दाखवता का, समुद्र खराब असेल तर पैशांचं काय. एका कोचमागे चारपेक्षा जास्त असतील तर मी जात नाही. न ढकलण्याच्या प्रश्नावर कुणी गप्प झालं तर पुढचा नंबर लावा. आणि पोहण्याच्या बॅचचे फॉर्म आमच्याकडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळतात. महिलांची बॅच लवकर भरते, फिटनेस सर्टिफिकेट फेब्रुवारीतच करून ठेवा.